टोकापुढचा ठिपका

सीताबर्डीवर पांढरे कॅनव्हासचे बूट मिळू लागले आणि आमच्या कचेरीतल्या लोकांना निसर्ग आवडायला लागला. त्याआधी नागपुरात निसर्ग नव्हता असं नाही. फुटाळा होता, सेमिनरी हिल होती, गोरेवाड्याचं जंगल होतं. पण तिकडे बकऱ्या चारणारे आणि मोळीविक्या बाया जात, कारकून जात नसत. मग साठीचं दशक संपता संपता कुणीतरी बातमी आणली की पुण्या-मुंबईकडची शिकलेली माणसं रविवारी डोंगर चढतात आणि त्याला हायकिंग म्हणतात. झालं. महिन्याभरात आमच्या बडेबाबूंनी भ्रमण मंडळ काढलं.

हेडक्लार्कला बडेबाबू म्हणायची रीत आमच्याकडे मध्यप्रांताच्या काळापासून चालत आलेली. आमचे बडेबाबू नावाला जागत. कचेरीचा जिना चढताना ते मधल्या पायरीवर थांबून भिंतीवरचा जुना सूचनाफलक वाचत, आणि तो फलक त्यांना पाठ होता. अशा माणसाने गळ्यात शिट्टी अडकवली, डोक्यावर खाकी टोपी चढवली आणि आम्हाला डोंगर दाखवायला निघाला. मंडळाचे नियम सायक्लोस्टाइल करून प्रत्येकाच्या टेबलावर ठेवले गेले. कुणीही मंडळाच्या पुढे जाऊ नये. कुणीही मागे राहू नये. जेवण सर्वांनी एकत्र घ्यावे. बाकीचे नियम मी विसरलो, कारण पाळले जात ते एवढेच, आणि त्यातलाही शेवटचाच मनापासून.

आमची भ्रमणं अशी असत. अंबाझरीच्या पाळीवरून निघायचं, दीड-दोन मैल चालायचं, एखादं मोठं झाड दिसलं की बडेबाबू शिट्टी वाजवायचे, आणि मग पुढचे तीन तास रोडगे. जाड कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचे, उलटायचे, पुन्हा पुरायचे, राख झटकून फोडायचे आणि तुपात बुडवायचे. सोबत वांग्याची भाजी, अशी तिखट की बोलणं बंद व्हावं. विदर्भात चार माणसं उघड्यावर जमली की रोडगे लागतातच. त्याला माझी हरकत नाही. हरकत होती ती त्यानंतर सोमवारी कचेरीत ‘काल आम्ही जंगलात होतो’ म्हणण्याला.

मी तेव्हा पंचविशीत होतो आणि मला सगळ्या गोष्टींचं हसू यायचं. ते हसू मी बुद्धीचं लक्षण समजत होतो. ‘मंडळात नसतो तर बडेबाबूंनी माझ्या रजा अडवल्या असत्या,’ असं मी मित्रांना सांगायचो. ते खोटं होतं. मी रोडग्यांसाठी जायचो.

आता काकांबद्दल. आमची कचेरी सदरमध्ये, आणि काम नकाशांचं. जंगलांचे, नद्यांचे, तालुक्यांचे नकाशे आमच्याकडे पुन्हा काढले जात. नवं राज्य झालं, राजधानी मुंबईला गेली, आणि नागपूरला काहीतरी दिल्यासारखं दिसावं म्हणून की काय, कोकणच्या जंगलांचे नकाशे आमच्याकडे आले. समुद्रापासून इतकं लांब राहून समुद्रकिनारा काढणारी कचेरी जगात दुसरी नसेल. तो किनारा काढायचे काका. सगळी कचेरी त्यांना काकाच म्हणायची. माझ्या शेजारच्या टेबलावर बसत, बारीक निब शाईत बुडवत, श्वास रोखत आणि ट्रेसिंगच्या कापडावर एक खाडी वळवत. वळवून झाली की श्वास सोडत. त्या हाताने मुंबईपासून गोव्यापर्यंतचा किनारा कितीदा काढला होता, आणि त्या पायांनी नागपूर सोडून पश्चिमेला अकोल्याच्या पलीकडे पाऊल ठेवलं नव्हतं. अकोल्याला त्यांची सासुरवाडी होती.

एकदा दुपारी त्यांनी मला एक नकाशा दाखवला. जमीन चोचीसारखी समुद्रात घुसलेली, आणि त्या टोकाच्या पुढे निळ्यात मोहरीएवढा ठिपका.

“हे काय हाय सांग,” ते म्हणाले.

“बेट असेल.”

“असंन. नाही तर डाग असंन. मी ज्या जुन्या नकाशावरून पह्यल्यांदा उतरवलं ना, तो इंग्रजाच्या येळचा, कसरीनं खाल्लेला. त्याच्यात इथं असा ठिपका होता. शाईचा होता, का माशीनं केला होता, मले समजलं नाही. म्हनलं, ठेवून देऊ. तवापासून काढून राहिलो मी.”

“मग कुणाचं काय अडलं, काका? कोण हा नकाशा बघून होडी चालवणार आहे?”

“माह्यं अडलं हाय,” ते म्हणाले आणि निब पुसू लागले.

मी हसलो. माणूस ठिपक्यासाठी बेचैन होतो म्हणजे याला घरी काही काम नाही, असं मला वाटलं. पण त्यानंतर काही दिवसांनी मी त्यांना दौतीत निब बुडवताना पाहिलं. निब दौतीच्या बाजूला, टेबलावर टेकत होती. दोनदा टेकली. तिसऱ्यांदा त्यांनी मान पूर्ण वळवली, दौत समोर घेतली आणि मगच निब बुडवली. मी पाहिलंय हे त्यांना कळलं. तेव्हा त्यांनी सांगितलं की धरमपेठच्या डोळ्यांच्या डॉक्टरने काचबिंदू सांगितलाय. कडेचं दिसणं गेलं होतं. समोरचं दिसत होतं, पण तेही वर्ष-दीड वर्षात जाणार होतं. घरी बायकोला आणि कचेरीत मला, एवढंच माहीत होतं.

“मले तो ठिपका पाहून घेचा हाय गा,” ते म्हणाले. “हाय का नाही, तेवढं.”

सरकारी नोकरांना चार वर्षांतून एकदा प्रवासाची सवलत मिळे. बहुतेकजण ती वापरत नसत, कारण आमच्याकडे माणूस प्रवासाला निघतो तो लग्नाला किंवा मयतीला. पण त्या वर्षी बडेबाबूंच्या डोक्यात आलं की मंडळाने सवलतीवर मोठं भ्रमण करावं. कुठे, याची चर्चा पंधरा दिवस चालली. पचमढी, चिखलदरा, तीच ती नावं. काका कधी नव्हे ते उठले, नकाशा घेऊन बडेबाबूंच्या टेबलाशी गेले आणि म्हणाले की इथे सरकारने नव्यानेच राष्ट्रीय उद्यान केलं आहे, जंगलातून थेट समुद्राच्या टोकापर्यंत पायवाट आहे, दगडांवर बाण काढलेत. बडेबाबूंना समुद्राचं काही नव्हतं. पण ‘राष्ट्रीय’ हा शब्द त्यांना एकदम पटला. पचमढी मागे पडली.

निघण्याच्या दिवशी स्टेशनवर मी पोचलो तेव्हा फलाटावर मला धरून मंडळाचे नऊजण, नऊ ट्रंका आणि दोन पोती. पोत्यांत काय म्हणून विचारलं. गोवऱ्या होत्या. कोकणात गाई लहान असतात, त्यांच्या शेणाच्या गोवऱ्यांना आच नसते, असं बडेबाबूंना कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून नागपूरचं शेण रेल्वेने मुंबईला आणि तिथून एसटीच्या टपावर टाकून कोकणात निघालं. मुंबईच्या स्टेशनवर हमालाने पोतं उचललं, वास घेतला आणि खाली ठेवलं. बडेबाबू त्याला हिंदीत समजावत होते की हा जेवणाचा माल आहे. मी लांब उभा राहून आपण यांच्यातले नाही असं दाखवत होतो. काका पोत्यावर बसून नकाशा पाहत होते.

मुंबईत समुद्र लागला असता. काकांना मी म्हणालोही, दोन तास आहेत, दाखवून आणतो. ते नको म्हणाले. “पह्यले तो पाहीन,” म्हणाले, जणू समुद्र टोकाटोकाला वेगळा असतो.

उद्यानाच्या फाटकाशी आम्ही सकाळी सातला होतो. पायवाट एकंदर पाच मैलांची. तीन मैलांवर वनखात्याची चौकी, तिथे विहीर. पुढे दोन मैल चालून टोक. बडेबाबूंनी बेत सांगितला: नऊपर्यंत चौकी, अकरापर्यंत टोक, परत चौकीवर येऊन जेवण. बेत चांगला होता. काकांनी तो दोनदा विचारून घेतला.

ते पहिले तीन मैल मला अजून आठवतात, आणि आठवले की मंडळाचा राग नव्याने येतो. आधी खाडीच्या कडेने वाट. चिखलातून वर आलेली कांदळाची मुळं, त्यांच्यात नखाएवढे लाल खेकडे. आमचा पाय वाजला की सगळे एकदम बिळात. एक मासा चक्क चिखलावर बसला होता, पाण्याबाहेर, डोळे वर काढून. काका पुढे वाकले आणि मान डावी-उजवीकडे फिरवत त्याच्याकडे तुकड्या-तुकड्यांनी बघत राहिले. आमचे रोखपाल मागून म्हणाले, “हा खाते का हो इकडचे लोकं?” मंडळाच्या निसर्गप्रेमाचा हा पहिला उद्गार. पुढे चढण लागली, जंगल दाट झालं. आमच्याकडचं सागाचं जंगल जानेवारीत निम्मं उघडं असतं, आरपार दिसतं. हे हिरवं, दमट, वर बघावं तर आकाश नाही. मोठाले पंख वाजवत धनेशाची जोडी डोक्यावरून गेली. तो आवाज कुणी चादर झटकावी तसा होता. बडेबाबूंनी शिट्टी वाजवून सर्वांना पक्षी दाखवला. तोवर पक्षी गेला होता. एकाने झाडावर किल्लीने आपलं नाव कोरलं, दुसऱ्याने ‘आपल्या गोरेवाड्यात याहून मोठी झाडं आहेत’ असं सांगितलं. गोरेवाड्यात तो गेलाच नव्हता.

काका माझ्या हाताला धरून चालत होते. कडेचा दगड, मूळ, फांदी त्यांना दिसत नसे, म्हणून मी बोलत राहायचो: डावीकडे मूळ, पाय उचला, फांदी. मला त्याचा कंटाळा आला होता, हेही सांगून टाकतो. पण सड्यावर आलो, काळ्या-तांबड्या कातळाचं मोकळं पठार लागलं, वारा अंगावर आला, तेव्हा ते थांबले. वाऱ्याला मिठाचा वास होता. “आला,” ते म्हणाले. समुद्र दिसत नव्हता अजून.

सव्वानऊला चौकी. तिथला वनरक्षक म्हातारा होता, खाकी सदऱ्याखाली लुंगी. आम्ही नागपूरहून आलोय ऐकून त्याने आमच्याकडे आणि पोत्यांकडे आळीपाळीने पाहिलं. मग म्हणाला, “टोकार जावचा तर आत्ताच जावा. पाणी खाली आसा, सगळा दिसतला. मगे भरती येतली.”

“येऊ द्या भरती,” बडेबाबू म्हणाले. “आपल्याले कोनतं पोहाचं आहे.”

सगळे हसले. मीही हसलो. भरती-ओहोटी मला पाचवीत होती. चंद्राच्या आकर्षणाने पाणी वर-खाली होतं, हे लिहून मी पैकीच्या पैकी गुण घेतले होते. वर-खाली म्हणजे किती, हे पुस्तकात नव्हतं. आमच्या फुटाळ्याचं पाणी उतरायला हिवाळा-उन्हाळा जावा लागतो. दिवसात दोनदा पाणी उतरतं-चढतं म्हणजे वाळूत चार पावलं मागं-पुढं, असा माझा समज.

खरं तर बेतानुसार लगेच पुढे निघायचं होतं. पण चौकीमागे विहीर होती, सपाट जागा होती, वडासारखं एक मोठं झाड होतं. मोठं झाड दिसल्यावर बडेबाबूंचा हात शिट्टीकडे गेला. आधी जेवण लावून देऊ, म्हणजे परत आल्यावर वेळ जायला नको, असं ठरलं. वनरक्षक म्हणाला, इथं जाळ करायला परवानगी नाही. बडेबाबूंनी आपलं सरकारी ओळखपत्र काढून दाखवलं आणि म्हणाले, तुम्हीही सरकारी, आम्हीही सरकारी. म्हाताऱ्याने हात टेकले. पोती सुटली.

निखारे व्हायला तास लागतो. कणीक मळायला माणसं लागतात. वांगी चिरायची, लसूण सोलायचा. एकदा गोवऱ्या पेटल्या की कुणी हलत नाही, कारण रोडगा उलटायची वेळ चुकली तर एका बाजूने कोळसा होतो आणि दुसऱ्या बाजूने कच्चा राहतो. दहा वाजता काका माझ्याजवळ आले.

“आपन दोघं जाऊन येऊ काय गा? हे होतपर्यंत?”

मी कणकेत कोपरापर्यंत हात घातले होते. बडेबाबूंनी ऐकलं आणि नियम म्हणून दाखवला: कुणीही मंडळाच्या पुढे जाऊ नये. काका माझ्याकडे पाहत राहिले. बडेबाबूंचा नियम मी एरवी पायाखाली तुडवला असता. पण तुपाचा डबा उघडला होता, भाजीला फोडणी बसली होती, आणि पहिली पंगत सोडून गेलो तर परत आल्यावर गार, कडक रोडगे मिळणार हे मला माहीत होतं.

“जेवूनच जाऊ ना, काका,” मी म्हणालो. “समुद्र काय पळून जातो का.”

“नाही जात,” ते म्हणाले आणि झाडाखाली जाऊन बसले. एकटे गेले असते, पण त्या कातळावर एकट्याने जाणं त्यांना शक्य नव्हतं. हे मलाही ठाऊक होतं.

जेवण दोनला झालं. मी चार रोडगे खाल्ले. मग सुपारी निघाली, मग एकेकजण टोपी तोंडावर घेऊन आडवा झाला. काकांनी मला हलवलं तेव्हा साडेतीन झाले होते. वनरक्षक सांगत होता की आता मंडळीने परत फिरावं, अंधाराआधी फाटक गाठायला हवं. टोकावर जायचंच असेल तर एखाद्या झपाझप चालणाऱ्याने जाऊन यावं. बडेबाबूंनी जांभई दिली आणि जाहीर केलं की मंडळाने राष्ट्रीय उद्यान पाहिलेलं आहे. नऊजणांतल्या सातजणांना समुद्र बघायचा राहिला याचं काहीसुद्धा वाटलं नाही. आठवा मी.

“तू जाय,” काका म्हणाले. “पयत जाय. टोकावर उभा राह्य, तोंड मावळतीकडे कर. मंग थोडा डाव्या हाताले पाह्य. अर्धा मैल, जास्त नाही. हाय का नाही, तेवढं पाहून ये.”

मी गेलो. पोट जड होतं, पण राग आला की मला चालता येतं, आणि मला सगळ्यांचाच राग आला होता. त्यात काकांचाही होता. सड्यावरून झाडीत, झाडीतून पुन्हा सड्यावर, आणि एका वळणानंतर जमीन संपली.

समुद्राबद्दल मी लिहिणार नाही. ज्यांनी तो रोज पाहिलाय त्यांनी पुष्कळ लिहिलंय. एवढंच की मला तो आवडला नाही. तो फार होता. काठोकाठ भरलेला, माझ्या पायाखालच्या खडकावर आदळणारा, पलीकडे काही नसलेला. मी तोंड मावळतीकडे केलं. सूर्य डोळ्यांवर येत होता. हात कपाळाला लावून मी डाव्या हाताला पाहिलं. अर्धा मैल, त्याच्या अलीकडे, पलीकडे. काही नव्हतं. एका जागी पाणी विनाकारण पांढरं होत होतं, फुटत होतं आणि पुन्हा निळं होत होतं. समुद्राला काय, कुठेही पांढरं व्हायची खोड असेल. खडक नव्हता, बेट नव्हतं. पाच मिनिटं थांबलो असेन. मग घड्याळ पाहिलं आणि मागे फिरलो.

चौकीवर मंडळ सामान आवरून उभं होतं. काका वाटेच्या तोंडाशी आले होते, दगडावर हात ठेवून. मला सगळ्यांसमोर सांगायची गरज नव्हती. पण धावून आलो होतो, घामेजलो होतो, आणि एखादी चांगली ओळ सुचली की ती गिळायची सवय मला तेव्हा नव्हती.

“काही नाही, काका,” मी म्हणालो. “इतकी वर्षं तुम्ही माशीची घाण शाईने गिरवत आलात.”

बडेबाबूंना इतकं हसू आलं की त्यांनी शिट्टी छातीशी धरली. बाकीचे हसले. काकाही जरासे हसले.

“नीट पाह्यलं ना?”

“नीट पाहिलं.”

“बरं. पक्कं झालं मंग,” ते म्हणाले, आणि माझा हात धरून चालू लागले.

नागपूरला आल्यावर मंडळाचा फोटो कचेरीत लागला. गळ्यात शिट्टी, हातात काठ्या, मागे चौकी. खाली लिहिलं होतं, ‘सागरतटीय राष्ट्रीय उद्यानात’. त्या फोटोकडे पाहून मी किती दिवस फुकट हसलो.

काकांनी त्या आठवड्यात किनाऱ्याची मूळ ट्रेसिंग कपाटातून बाहेर काढली. अर्धं ब्लेड घेतलं आणि ठिपका खरवडायला बसले. एवढासा ठिपका, पण कापड फाटता कामा नये, ओरखडा राहता कामा नये. त्यात दिसणं हे असं. पूर्ण दुपार गेली. नखाने घासून जागा गुळगुळीत केली आणि मला बोलावलं.

“पाह्य, दिसते का काही?”

मी उजेडाकडे धरून पाहिलं. “काही दिसत नाही.”

त्यांच्या हातचं ते शेवटचं नीट काम. पुढच्या छपाईत टोकापुढे निळं कोरं आलं. वर्षभरात त्यांनी डोळ्यांच्या कारणावरून नोकरी सोडली आणि धरमपेठला थोरल्या लेकीकडे राहायला गेले. मी दिवाळीला एक-दोनदा गेलो, मग गेलो नाही.

ऐंशीच्या दशकात मीच बडेबाबू झालो. शिट्टी घेतली नाही, पण जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबू लागलो. सवलतीवर बायको आणि दोन मुलींना घेऊन त्याच उद्यानात गेलो. मुलींना पुस्तकातला समुद्र पुरेना झाला होता. वाटेवर आता सिमेंटची बाकं होती, टोकाला लोखंडी कठडा आणि रंगवलेला मोठा नकाशाफलक. जेवणाचे डबे सोबत होते, कुठे थांबलो नाही. दहाला टोकावर पोचलो.

मी तोंड मावळतीकडे केलं, सवयीने, आणि डाव्या हाताला पाहिलं. तिथे खडक होता. लहानसहान नाही. लांबट, काळा, पाण्याबाहेर पुरुषभर तरी वर आलेला, वर पांढऱ्या पक्ष्यांची रांग. त्याच्या कडेला एक होडी टेकली होती आणि दोन बाया वाकून शिंपल्यांसारखं काहीतरी खरवडून टोपलीत टाकत होत्या.

कठड्याशी एक कोळीण कोकमं विकत बसली होती. मी तिला विचारलं, हा खडक कधीपासून आहे. तिने माझ्याकडे पाहिलं. वेड्याला उत्तर द्यावं तसं तिने त्या खडकाचं नाव सांगितलं. त्याला नाव होतं. मग म्हणाली, “भरतीक बुडता. सुकतीक वर येता. आमी कालवां काढतो थंय.”

“आणि बुडल्यावर काही दिसतं का?”

“पाणी फुटता. पांढरा होता. त्यावरून वळखुचा.”

माझी धाकटी फलकापाशी उभी होती. “बाबा,” ती म्हणाली, “या नकाशात तो खडक नाहीच.” फलकावरचा किनारा आमच्या कचेरीचा होता. खाडीची ती वळणं मी कुठेही ओळखली असती. टोकापुढे निळा रंग सपाट दिला होता.

परत आल्यावर मी महिनाभर धरमपेठेला गेलो नाही. म्हाताऱ्या माणसाला आता सांगून काय उपयोग, असं स्वतःला समजावलं. उन्हं फार आहेत, असंही समजावलं. त्यात दम नव्हता. सांगायला जायची मला लाज वाटत होती, बस.

काका व्हरांड्यात आरामखुर्चीत बसले होते. आता काहीच दिसत नव्हतं, पण माझा आवाज त्यांनी पहिल्या शब्दाला ओळखला. मी इकडचं तिकडचं बोललो नाही. खडक आहे, म्हणालो. भरतीत बुडतो. मी गेलो तेव्हा भरती होती.

ते खुर्चीत सरसावून बसले.

“केवढा हाय?”

“आपल्या कचेरीच्या व्हरांड्याएवढा. लांबट.”

“लांबट,” ते म्हणाले. “मी गोल काढत होतो. ते चुकलंच म्हना.” त्यांचा अंगठा आणि पहिलं बोट जुळलं, निब धरल्यासारखं, आणि सुटलं. “तवा तिथं काहीच नव्हतं काय गा? काहीच दिसलं नाही?”

खोटं बोलता आलं असतं. त्यांना माझं तोंड दिसत नव्हतं.

“एका जागी पाणी पांढरं होत होतं,” मी म्हणालो.

“डाव्या हाताले?”

“डाव्या हाताला. अर्ध्या मैलावर.”

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं.

“मंग तू तेवढं सांगाले पाह्यजे होतं,” ते म्हणाले. “तू काय दिसलं ते सांगतलं नाही. काय नाही तेच सांगतलं. पानी पांढरं होते म्हनला असता, तर मी ठिपका राहू देला असता.”

मग त्यांनी लेकीला हाक मारली आणि माझ्यासाठी चहा सांगितला.